पाहुण्यांचं वर्ष

४ मार्च, मंगळवार

ह्यांच्या वर्कशॉपमधून मिळालेली ही डायरी दोन महिने कपाटात कोरी पडली होती. आज उघडली, कारण गोष्ट अशी आहे की पोटात ठेवली तर पोट फुटेल आणि बोलायची तर चोरी.

सकाळी पोस्टमन पालिकेचं पाकीट देऊन गेला. क्लबच्या नावाचं. क्लबला स्वतःचं दार नाही, त्यामुळे क्लबची पत्रं आमच्या दारात येतात. माझे सासरे शेहेचाळीस वर्षं क्लबचे सेक्रेटरी आहेत. ते नेमके मैदानावर पिचला पाणी मारायला गेले होते. डॉक्टरांनी रोलर बंद केला, पण पाण्याचा पाइप काही हातातून सुटला नाही. मी पाकीट फोडलं.

मैदानाची जमीन ज्या माणसानं दिली, त्यानं दानपत्रात एक अट घालून ठेवली आहे. क्लबचा संघ दरवर्षी लीगमध्ये उतरला पाहिजे. एक वर्ष जरी खंड पडला तरी जमीन पालिकेची. आता पालिकेला तिथे गाड्या उभ्या करायच्या आहेत, म्हणून बावन्न वर्षांनी अट आठवली. २४ तारखेला सकाळी अकरा वाजता क्लबचा वर्षवार इतिहास आणि दर वर्षाचं स्कोअरबुक घेऊन हजर व्हा, नाहीतर खंड पडला असं धरू.

बाबा ऐंशीचे आहेत. नोव्हेंबरात त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. मैदान गेलं तर हा माणूस सकाळी उठणार कशासाठी, ते मला कळत नाही. ह्यांना फोन लावला. हे म्हणाले, "बाबांना सांगू नकोस. तू बघ जरा." लग्नाला बावीस वर्षं झाली, ‘तू बघ जरा’ यावरच आमचा संसार उभा आहे.

मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. पोरांच्या पॅंटींचे गुडघे शिवते, तेवढाच माझा संबंध. नोटीस मशीनच्या खणात, बॉबिनींच्या डब्याखाली ठेवली.

५ मार्च, बुधवार

लीगच्या ऑफिसात विचारून आले. त्यांच्याकडे गेल्या पंधरा वर्षांचेच कागद आहेत. त्याआधीचे छत गळून कुजले. कालव्यापलीकडच्या क्लबचा सेक्रेटरी म्हणाला, जुनी पुस्तकं रंगकाम काढलं तेव्हा रद्दीत गेली. म्हणजे सगळी भिस्त आमच्या जिन्याखालच्या कपाटावर.

बाबांना सांगितलं, कपाट आवरते, कसर लागली आहे. ते म्हणाले, "आवर. क्रमानं लाव." आणि मैदानाकडे गेले.

नोटीस पुन्हा वाचायला काढली तर तिच्यावर कपाचा गोल डाग. मी तर मशीनवर चहा आणत नाही. कधी आणला असेल, लक्षात नाही. डोकं ठिकाणावर नाही माझं.

९ मार्च, रविवार

चार दिवस कपाटात डोकं घालून बसले आहे. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर तशीच पडून आहे. पण काय गंमत आहे या पुस्तकांत. एकाचंही खरं नाव नाही. पहिल्या पुस्तकात फलंदाज कोण, तर चष्मा, शिट्टी, धाकटा, लाकूडतोड्या, उद्या. उद्या म्हणजे काय, ते बाबांना सहज विचारावं तसं विचारलं. तो गृहस्थ सरावाला कधी यायचा विचारलं की ‘उद्या’ म्हणायचा. आणि ही टोपणनावं का, तर अकराही जण एकाच कारखान्यातले. फोरमनला खेळ आवडत नसे. पुस्तक त्याच्या हाती लागलं तरी कोण खेळायला गेलं होतं ते कळू नये, म्हणून. पुढे फोरमन गेला, पण सवय राहिली.

बाबांचं नाव सगळ्या पुस्तकांत एकच, ‘मी’. गोलंदाजीत मी, फलंदाजीत शेवटून दुसरा मी, आणि खाली ‘लिहिणार : मी’. स्वतः खेळायचे आणि स्वतःच लिहायचे. एका सामन्यात ‘मी’ला भोपळा मिळाला आहे, तोही ठळक शाईनं. माणूस प्रामाणिक आहे हो.

लीगमध्ये तेव्हा चारच क्लब होते. आमचा, कालव्यापलीकडचा, पोस्टवाल्यांचा आणि मास्तरांचा. आम्ही बहुतेक वर्षी चौथे. तिसरे आलो त्या वर्षी बाबांनी पानाला लाल रेघ मारली आहे.

हे सगळं इतिहासाच्या वहीत लिहून काढते आहे. फक्त कामापुरतं.

११ मार्च, मंगळवार

घात झाला. बावन्न पुस्तकं हवीत, एक्कावन्न आहेत. नववं नाही.

तीन वेळा मोजली. आठव्यात चष्मा, शिट्टी, उद्या ही सगळी मंडळी आहेत. दहाव्यात सगळी नवी नावं, जुना एकटा ‘मी’. मध्ये काय झालं? ह्यांना विचारलं तर म्हणतात, "ते माझ्या जन्माचं वर्ष. मला काय माहीत?" एवढं खरं, की त्याच वर्षी कारखाना दुसऱ्या गावी गेला आणि माणसं त्याच्याबरोबर गेली. सासूबाईंना दिवस गेले होते म्हणून बाबा राहिले. अकरातला एक उरला, मग संघ कसा उतरला? की उतरलाच नाही? हे मनात आलं आणि पुस्तकं चौथ्यांदा मोजली.

मग तो कप आठवला. बाबांच्या खोलीतल्या फळीवर एक छोटा कप आहे, ‘उपविजेता’ आणि खाली नेमकं ते वर्ष. मी धूळ पुसून तो सरळ ठेवते आणि बाबा रोज तो भिंतीकडे तोंड करून ठेवतात. मला वाटायचं, म्हातारपण. पदरात लपवून कप पालिकेत नेला. जमीन शाखेतल्या बाईंनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. म्हणाल्या, "यावर क्लबचं नाव कुठंय? असले कप बाजारात मिळतात हो." बाई वाईट नाहीत, चष्मा नाकावर आला की माणसाकडे बघतात तरी. पण कागद म्हणजे कागद.

१२ मार्च, बुधवार

देव पावला. आठव्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतून पेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं, ‘पुढचं घड्याळजीकडे’.

हाच पुठ्ठा मी काल दोनदा पाहिला होता, तेव्हा दिसलं नाही. चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतो. त्रेचाळीस वर्षांची पेन्सिल, पण बोट फिरवलं तर काळं लागलं. पूर्वीच्या वस्तूच दणकट.

गावात घड्याळजी एकच, कालव्यापलीकडचा. आता उलगडा होतो, बाबांच्या मनगटावरचं घड्याळ इतकी वर्षं बंद का आहे ते. दोघांचं काहीतरी बिनसलेलं दिसतं. साडेचारला थांबलेलं घड्याळ रोज बांधतात आणि वेळ मला विचारतात. कितीदा म्हटलं, पुलापलीकडे दुरुस्त करून मिळेल. तर म्हणायचे, "मला काय गाडी पकडायची आहे?"

१३ मार्च, गुरुवार

घड्याळजींचं दुकान दरवाज्याएवढंच रुंद. भिंतीवर वीसेक घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. हे गृहस्थ डोळ्यात भिंग अडकवून बसलेले, पुढ्यात पेल्याखाली झाकून ठेवलेले चाकांचे तुकडे. वय अठ्ठ्याहत्तर, पण हात जराही थरथरत नाही.

मी कोण ते सांगितलं. भिंग न काढताच म्हणाले, "म्हणजे त्याची सून."

"पुस्तक आहे का हो तुमच्याकडे?"

"आहे."

"द्याल?"

"नाही."

मी स्टुलावर बसूनच घेतलं. मग आपणहून बोलायला लागले. त्या वर्षी आमच्याकडे एकटे बाबा उरले होते. चारातला एक क्लब गेला तर लीगच मोडणार, म्हणून पलीकडच्यांनी आपले राखीव दहा खेळाडू आम्हाला दिले, पूर्ण हंगामासाठी. त्यांचे पुढारी हे घड्याळजी. दर रविवारी पूल ओलांडून यायचे आणि आमच्या नावानं खेळायचे. बाबांनी त्यांना पुस्तकात लिहिलं, पहिला पाहुणा, दुसरा पाहुणा, असं दहाव्यापर्यंत. आणि पाहुण्यांनी धमाल केली. चौथा येणारा क्लब जिंकत सुटला.

"शेवटची मॅच आमच्याच क्लबशी," घड्याळजी म्हणाले. "त्यांना जिंकायला पाच धावा हव्या होत्या. जिंकले की लीग त्यांची. शेवटची विकेट, समोर माझा सख्खा मोठा भाऊ. तुझा सासरा गोलंदाज. भावानं उंच मारला, मी खाली. चेंडू वर असताना हा मला ओरडून म्हणतो, सोड. सगळ्या मैदानानं ऐकलं."

"मग?"

"मग काय, धरला. लीग पोस्टवाल्यांना गेली, तुम्ही दुसरे, आम्ही तिसरे. मला क्लबनं काढून टाकलं. भावानं वर्षभर माझ्या घरचा चहा घेतला नाही. त्याचं मला काही नाही. पण यानं मला सोड का म्हणावं? मी उसना आलो म्हणून खोटा खेळेन, असं वाटलं याला?"

मी म्हटलं, तुमचं नुकसान होऊ नये म्हणूनच म्हणाले असतील.

"असेल. मग तसं येऊन सांगायचं. मॅच संपल्यावर पुस्तक माझ्यापुढे ठेवलं, म्हणाला, तुम्हीच खेळलात, तुमच्याकडेच ठेवा. आणि गेला. त्यानं मागितलं तर देईन. हाकेच्या अंतरावर राहतो, त्रेचाळीस वर्षांत मागितलं नाही."

मी नोटीस, तारीख, बाबांची छाती, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेला उचलून पुन्हा कामाला लागले. मी उठले तेव्हा विचारलं, "हातात अजून तेच घड्याळ आहे का त्याच्या?" म्हटलं, आहे, पण बंद. ते म्हणाले, "असणारच."

दोन म्हातारे आणि दोघांची नाकं. मध्ये मी.

१८ मार्च, मंगळवार

लिहायला लाज वाटते, पण इथे खोटं लिहून काय करू?

हे म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे. एक जुनं कोरं स्कोअरबुक पडलंय, भरून टाक. कोण बघतंय?" आणि मी बसले की. दुपारी दार लोटून चहाच्या पाण्यात कापूस बुडवला, पानं पिवळी केली. चष्मा, शिट्टी, उद्या यांना पुन्हा मैदानात उतरवलं. षटकं, धावा, अवांतर, सगळ्या बेरजा अशा जुळल्या की माझी मीच खूश झाले. उद्याला पन्नास धावा दिल्या. आजवर त्याच्या कधी झाल्या नव्हत्या, वाईट वाटायचं.

जेवताना बाबा आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "खोटं पुस्तक लगेच ओळखू येतं. खऱ्यात खाडाखोड असते." कुठून काय आठवतं त्यांना, कोण जाणे. जेवण झाल्यावर ती पानं फाडून बंबात घातली. ह्यांना सांगितलं, जमत नाही. हे म्हणाले, "मग बघ तू." वा.

२२ मार्च, शनिवार

आज सांगितलं. दुसरा मार्गच उरला नव्हता. आधी रक्तदाबाची गोळी दिली, पाण्याचा पेला जवळ ठेवला, पंखा लावला. मग म्हटलं, "बाबा, मैदानाबद्दल एक नोटीस आली आहे."

"चार तारखेला," बाबा म्हणाले. "बॉबिनींखाली आहे. पोस्टमननं मला मैदानावरच सांगितलं होतं."

अठरा दिवस मी बाबांपासून लपवते आहे आणि बाबा माझ्यापासून. "मग पुठ्ठ्यावरची ती पेन्सिल..."

"तुला सापडेना, म्हणून लिहिलं."

मला हसावं की रडावं कळेना. रडले थोडी. बाबांनी तोच पेला माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, तुम्ही स्वतः का नाही गेलात? परवा सुनावणी आहे, उद्याचा एकच दिवस आहे. त्यांनी मागितल्याशिवाय ते देणार नाहीत.

"मागायला तोंड नाही मला," बाबा म्हणाले. "माझ्यासाठी खेळला आणि स्वतःच्या क्लबातून गेला. आणि मी भर मैदानात त्याला सोड म्हटलं. चूक तिथेच कळली होती. पण तेव्हा गेलो नाही, मग दिवस गेले, आणि मग इतके गेले की जायचं म्हणजे काय बोलायचं, हेच सुचेना."

एवढं बोलून कुशीवर वळले.

२३ मार्च, रविवार

एकावर एक. सकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडले, ते दोन तासांनी आले. मला वाटलं मैदानावर असतील, तर तिथेही नव्हते. पुस्तकही आणलं नाही. वर मनगट मोकळं. घड्याळ कुठं पडलं विचारलं, तर म्हणाले, "पडलं नाही." मग कुठंय? तर सदरा काढायला आत गेले. सासूबाईंनी दिलेलं घड्याळ ते, बंद का असेना. सगळं हातचं चाललं आहे आणि यांना शीळ घालायची सुचते. तासभर पुढच्या खोलीत शीळ घालत होते.

इतिहासाची वही पूर्ण केली. नवव्या वर्षाचं पान कोरं सोडलं. उद्या काय होईल ते होईल, पण ते पान मी खोट्यानं भरणार नाही.

२४ मार्च, सोमवार

सावकाश, क्रमानं लिहिते, नाहीतर हात पुढे पळतो.

अकराला दहा मिनिटं असताना आम्ही जमीन शाखेच्या बाकावर. मी, बाबा, अर्धी रजा काढून आलेले हे, आणि एक्कावन्न पुस्तकं भरलेली माझी कापडाची मोठी पिशवी. तेवढ्यात जिन्यावरून घड्याळजी आले. काखेत खाकी कागदात बांधलेलं पुस्तक. बाबांकडे बघितलं नाही, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी हळूच विचारलं, "मागितलंत तुम्ही?"

"नाही," बाबा म्हणाले. "घड्याळ दुरुस्तीला टाकलं."

आत बाईंनी एकेक पुस्तक उघडून वर्षाला खूण केली. नववं उघडलं आणि चष्मा नाकावर घेतला. "हे काय? एक मी आणि दहा पाहुणे? पाहुणे कोण?"

मी टेबलाखालून बाबांचा सदरा ओढला. पण ऐकतील तर ना. म्हणाले, "पलीकडच्या क्लबचे. आमच्याकडे माणसं नव्हती."

"मग हा तुमच्या क्लबचा संघ कसा धरायचा? अटीत लिहिलंय, क्लबचा संघ. उसने खेळाडू म्हणजे देखावा झाला. त्या वर्षी खंड पडला असंच मला लिहावं लागेल."

ह्यांनी तोंडाला रुमाल लावला. बाबांकडे बघायचं धाडस होईना. बावन्न वर्षं आणि एका शब्दावर सगळं जाणार.

"शेवटचं पान काढा," मागून घड्याळजी म्हणाले.

बाईंनी काढलं.

"शेवटचा बाद कोण आहे, वाचा."

बाईंनी वाचलं, "मोठा, झेल पहिला पाहुणा, गोलंदाज मी."

"पहिला पाहुणा म्हणजे मी. तो मोठा माझा सख्खा भाऊ. तो झेल सुटला असता तर लीग माझ्या क्लबची होती. हा," त्यांनी बाबांकडे हनुवटी केली, "सोड म्हणून ओरडला, तरी मी धरला. त्यापायी माझा क्लब गेला. देखावा असता तर मी धरला असता का, बाई? त्या वर्षी मी यांचाच होतो."

बाईंनी पान पुन्हा वाचलं. त्या नोंदीवर खाडाखोड आहे. बाबांनी आधी काहीतरी लिहिलं होतं, ते खोडून वर लिहिलं आहे. खाली ‘लिहिणार : मी’. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग दोघा म्हाताऱ्यांकडे. "खोटं पुस्तक एवढं घाण कोणी लिहीत नाही," म्हणाल्या आणि नवव्या वर्षाला खूण केली. मग शिक्का. बावन्नपैकी बावन्न, अखंड.

जीव भांड्यात पडला म्हणतात, माझा तर पडल्याचा आवाज आला. हे बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आले.

व्हरांड्यात घड्याळजींनी खिशातून बाबांचं घड्याळ काढलं. बाबांनी मनगट पुढे केलं, त्यांनीच पट्टा बांधला. चालू होतं. दोघं उभे. मग बाबा म्हणाले, "सोडला नाहीस ते बरं झालं."

घड्याळजी म्हणाले, "हं."

मग म्हणाले, "आता म्हणतोस." आणि भिंगाचा डोळा पुसला, मग दुसराही.

३० मार्च, रविवार

आज मैदानावर सामना होता, पलीकडच्यांशीच. दोन्ही म्हातारे झाडाखालच्या बाकावर. एक दर पाच मिनिटांनी सगळ्यांना वेळ सांगतो आणि दुसरा ती बरोबर असल्याचं सांगतो. पोरांना वात आणला. घड्याळजींचा भाऊ आता नाही. त्यांनी बाबांना सांगितलं, शेवटच्या आजारात तो म्हणाला होता की झेल मात्र चांगला घेतलास. बाबांनी हे मला तीनदा सांगितलं.

बाबांना बारीक रकाने दिसत नाहीत, म्हणून पुस्तक माझ्या मांडीवर आलं. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही हे मी पुन्हा सांगितलं. फक्त आमच्या डावखुऱ्या पोराला म्हटलं, तू ऑफच्या बाहेरचे चेंडू उगाच मारतोस, सोडत जा. तो बघतच राहिला. आम्ही अठरा धावांनी हरलो. एकदा धाव लिहायची राहिली, खोडून वर लिहिली.

शेवटी खाली ‘लिहिणार’ असं छापलेलं आलं. विचारलं, "बाबा, इथे काय लिहू?"

बाबा वेळ बघत होते. म्हणाले, "कुणी लिहिलंय?"

मी म्हटलं, "मी."

"मग तेच लिही."

लिहिलं. गणवेशांची ऑर्डर उद्या नक्की पुरी करायची आहे.